'दर्पण'वाले बाळशास्त्री सगळ्यांना माहितीयत, पण मराठी पोरांना भूगोल शिकवणारे बाळशास्त्री कुणाला आठवतात?

६ जानेवारी आली की मोबाईलवर पत्रकार दिनाच्या शुभेच्छांचा पाऊस पडतो. पगडीतल्या एका तरुण शास्त्रीबुवांचं चित्र, बाजूला 'दर्पण'चं नाव आणि खाली 'आद्य पत्रकार बाळशास्त्री जांभेकर यांना विनम्र अभिवादन'. दिवस मावळला की विषय संपला.

पण याच माणसाचं एक काम असं आहे, ज्याचा संबंध फक्त पत्रकारांशी नाही. तो शाळेत गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाशी आहे.

हिंगोली जिल्ह्यातलं शिरड शहापूर डोळ्यासमोर आणा. औंढा नागनाथ ते वसमत रस्त्यावरचं, मल्लिनाथाच्या जैन मंदिरासाठी ओळखलं जाणारं गाव. अशा गावातलं तिसरीतलं पोरगं परिसर अभ्यासाचं पुस्तक उघडतं. बालभारतीने तिसरीचं हे पुस्तक जिल्ह्याजिल्ह्यासाठी वेगळं काढलं, त्यामुळे त्याच्यासमोर येतो तो हिंगोली जिल्ह्याचाच नकाशा. कयाधू कुठून वाहते, सिद्धेश्वर धरण कुठे आहे, आपला तालुका कुठला, यावर ते पोरगं बोट ठेवू शकतं. तेही मराठीत.

आज यात कुणाला काही विशेष वाटत नाही. पण दोनशे वर्षांपूर्वी मराठी मुलांच्या शाळेत भूगोल नावाचा विषयच नव्हता. पुस्तक नव्हतं, नकाशा नव्हता आणि शिकवणाऱ्या गुरुजींनाही तो येत नव्हता.

ही तिन्ही कामं ज्या मोजक्या लोकांनी अंगावर घेतली, त्यांत बाळशास्त्रींचं नाव फार वरचं आहे. आणि हे सगळं उरकायला त्यांना आयुष्य मिळालं जेमतेम ३४ वर्षांचं.

कोकणातला पोरगा मुंबईत आला

बाळशास्त्रींचा जन्म १८१२ सालचा. गाव पोंभुर्ले, आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या देवगड तालुक्यातलं. वडील गंगाधरशास्त्री विद्वान माणूस, पुराण सांगायचे. त्यामुळे संस्कृत आणि मराठीचं शिक्षण घरातच झालं. पोराची बुद्धी एवढी तल्लख की गावात राहून भागणार नाही, हे घरच्यांच्या लवकरच लक्षात आलं.

पेशवाई १८१८ मध्ये बुडाली होती. मुंबईत इंग्रजांचा कारभार पसरत होता आणि नव्या शिक्षणाच्या संस्था उभ्या राहत होत्या. १८२५ च्या सुमारास बाळशास्त्री मुंबईत आले. इथे त्यांना आधार मिळाला सदाशिव काशिनाथ छत्रे यांचा. लोक त्यांना बापू छत्रे म्हणायचे. 'बाळमित्र' हे मुलांचं पुस्तक १८२८ मध्ये मराठीत आणणारे ते हेच. ज्या संस्थेत ते काम करायचे तिचं नाव बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी. शाळा काढायच्या, देशी भाषांतली पुस्तकं तयार करायची आणि ती शाळांपर्यंत पोचवायची, हे या संस्थेचं काम.

म्हणजे ज्या वयात पोरं पुस्तकं वाचतात, त्या वयात बाळशास्त्रींनी पुस्तकं तयार होताना पाहिली. इंग्रजी आणि गणित त्यांनी झपाट्याने आत्मसात केलं. १८३० मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते या संस्थेचे डेप्युटी सेक्रेटरी झाले आणि १८३२ मध्ये नेटिव्ह सेक्रेटरी. मराठी, संस्कृत, इंग्रजीबरोबर गुजराती, बंगाली, कानडी, तेलुगू, फारसी आणि पुढे फ्रेंच, लॅटिन, ग्रीक अशा भाषा त्यांना अवगत होत्या.

तेव्हा शाळेत काय शिकवायचे?

बाळशास्त्रींच्या कामाचं मोल कळायचं असेल, तर आधी तेव्हाची शाळा बघावी लागेल.

गावात पंतोजी असायचे. कुणाच्या ओसरीवर किंवा देवळात पोरं जमायची. धुळपाटीवर बोटाने किंवा काडीने अक्षरं गिरवायची, मग मोडी वळण, मग पाढे. पाढेही नुसते बे एके बे नाहीत, तर पावकी, निमकी, औटकी असे अपूर्णांकाचे. त्याच्या पुढे व्याज, हिशेब आणि पत्रलेखन. पंतोजींना मोबदला मिळायचा तो बऱ्याचदा धान्याच्या रूपात.

हे शिक्षण अगदीच टाकाऊ होतं असं नाही. दुकानदाराचा, कुलकर्ण्याचा मुलगा यातूनच हिशेबात पक्का व्हायचा. पण त्यात छापील पुस्तक नव्हतं. आणि गावाच्या शिवेपलीकडचं जग तर नव्हतंच.

जग कसं आहे, याचं उत्तर मुलांना मिळायचं ते पुराणातून. मधोमध मेरू पर्वत, त्याच्याभोवती जंबुद्वीप, मग एकामागून एक सात द्वीपं आणि सात समुद्र. पहिला खाऱ्या पाण्याचा, पुढचे उसाच्या रसाचे, तुपाचे, दह्याचे, दुधाचे. कथा म्हणून हे ऐकायला गोड होतं. पण मुंबई बंदरात रोज जहाजं लागत होती, आणि ती उसाच्या रसाच्या समुद्रातून येत नव्हती.

दुसरीकडे हा मुलूख कुणी मोजतच नव्हतं, असंही नाही. इंग्रजांचा मोठा त्रिकोणमितीय सर्व्हे दक्षिणेकडून वर सरकत होता. त्याचा प्रमुख विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये वारला तो आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. मोजणीची ही मुख्य रेषा साधारण ७८ अंश पूर्व रेखांशाला धरून जात होती, म्हणजे शिरड शहापूरच्या पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटरवरून. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि तिथे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या निजामाच्या फौजेची छावणी होती.

थोडक्यात काय, तर जमीन इथली, डोंगर इथले, नद्या इथल्या. पण त्यांचा नकाशा सरकारी दप्तरात. इथल्या पोराला तो वाचता येणं सोडा, असं काही असतं हेही ठाऊक नव्हतं.

आधी आरसा धरला

६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण'चा पहिला अंक निघाला. बाळशास्त्री तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होते. सोबतीला गोविंद विठ्ठल कुंटे, म्हणजेच भाऊ महाजन. एका स्तंभात मराठी, शेजारच्या स्तंभात इंग्रजी. सुरुवातीला पाक्षिक असलेलं हे पत्र त्याच वर्षीच्या मे महिन्यात साप्ताहिक झालं आणि १८४० पर्यंत चाललं.

'दर्पण'ची गोष्ट बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते. पण त्यात एक अडचण होती, ती सहसा कुणी सांगत नाही. वर्तमानपत्र म्हटलं की देशोदेशीच्या बातम्या आल्या. पण ज्याला तो देश कुठे आहे हेच माहीत नाही, त्याने ती बातमी वाचून करायचं काय? रशिया, इराण, चीन ही नावं छापून आली, तरी वाचणाऱ्याच्या डोक्यात जगाचं चित्र नसेल तर ती नुसती नावंच राहणार.

मधल्या काळात अक्कलकोटच्या युवराजांना शिकवण्याचं कामही त्यांनी केलं. १८३४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजात ते असिस्टंट प्रोफेसर झाले. तिथे अशा पदावर पोचलेले ते पहिले भारतीय. पुढे देशाच्या गरिबीचा हिशेब मांडणारे दादाभाई नवरोजी हे त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक.

कॉलेजात शिकवणारा माणूस सहसा प्राथमिक शाळेकडे वळून बघत नाही. बाळशास्त्रींनी मात्र उलट केलं.

मग आलं भूगोलाचं पुस्तक

१८३६ च्या सुमारास बाळशास्त्रींचं 'भूगोलविद्या' आलं, त्यातही 'गणितभाग'. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या भूगोलाच्या पुस्तकांपैकी हे एक. याच काळात त्यांनी मुलांसाठी 'बालव्याकरण' लिहिलं, 'नीतिकथा' लिहिल्या, इंग्लंडची बखर आणि हिंदुस्थानचा इतिहास लिहिला. गणितात तर ते थेट 'शून्यलब्धी'पर्यंत, म्हणजे आजच्या कॅल्क्युलसपर्यंत पोचले.

आता प्रश्न पडेल की भूगोलात गणित कुठून आलं?

भूगोल म्हटलं की आपल्याला राजधान्या, पिकं आणि नद्यांची नावं आठवतात. पण त्या आधीचा एक भाग असतो. पृथ्वी कशी आहे, केवढी आहे, ती कशी फिरते आणि तिच्यावर आपण नेमके कुठे उभे आहोत. हा भाग मोजमापाचा, म्हणून गणिताचा.

हे किती सोपं आणि किती भारी आहे, ते शिरड शहापूरच्या उदाहरणावरून बघा.

हे गाव साधारण साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे काय? तर रात्री गावाबाहेरच्या मोकळ्या शेतात उभं राहून उत्तरेकडे बघितलं, तर ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण साडेएकोणीस अंश वर दिसतो. हात लांब करून मूठ वळली, तर ती सुमारे १० अंश व्यापते. म्हणजे क्षितिजापासून एकावर एक दोन मुठी ठेवल्या की ध्रुवतारा सापडला. बाळशास्त्रींच्या पोंभुर्ल्यात हाच तारा साडेसोळा अंशांच्या आसपास असतो, थोडा खाली. हा फरक ३ अंशांचा. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर, तो ३६० अंशांत वाटला तर एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर. म्हणजे शिरड शहापूर पोंभुर्ल्याहून ३०० किलोमीटरपेक्षा जास्त उत्तरेला आहे. हे कळायला ना गाडी लागली, ना रस्ता. दोन मुठी आणि एक तारा पुरला.

रेखांशाचंही तसंच. शिरड शहापूर ७७ अंश पूर्वेच्या जरा पुढे, मुंबई ७३ च्या जरा अलीकडे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. म्हणून शिरड शहापुरात सूर्य डोक्यावर येतो तो मुंबईच्या साधारण १७ मिनिटं आधी. आज सगळीकडे घड्याळ एकच असल्याने हे जाणवत नाही. पण बाळशास्त्रींच्या काळी प्रत्येक गावाची वेळ त्याच्या त्याच्या सूर्याची होती.

मुंबईत या वेळेचा हिशेब ठेवायला कुलाब्याला कंपनी सरकारने १८२६ मध्ये वेधशाळा उभारली होती. जहाजांची घड्याळं बरोबर असणं हा तेव्हा जगण्यामरण्याचा प्रश्न होता, कारण समुद्रात आपला रेखांश त्या घड्याळावरून काढायचा असे. बाळशास्त्रींनी पुढे या वेधशाळेचं कामही सांभाळलं. म्हणजे ज्या विषयावर पुस्तक लिहिलं, त्याच विषयाचं प्रत्यक्ष कामही त्यांनी केलं.

पुराणाशी भांडण झालं का?

मुलांना पृथ्वी गोल आहे असं शिकवायचं, म्हणजे घरी आजीने सांगितलेलं खोटं ठरवायचं का? हा पेच तेव्हा खरा होता. मिशनरी शाळांत याच मुद्द्यावरून हिंदू धर्माची खिल्ली उडवली जायची. तुमच्या शास्त्रांना जगाचा आकारही माहीत नाही, असा तो सूर. त्यामुळे पालकांना नव्या भूगोलातच धर्मांतराचा वास यायचा.

या पेचातून बाहेर पडायची एक वाट आपल्याच परंपरेत होती. पुराणं वेगळी आणि ज्योतिषाचे सिद्धांतग्रंथ वेगळे. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये पृथ्वी गोल असून स्वतःभोवती फिरते असं मांडलं होतं. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'सिद्धांतशिरोमणी'त ती सपाट का भासते हेही सांगितलं. एवढ्या मोठ्या गोलाचा अगदी छोटा तुकडाच आपल्याला दिसतो, म्हणून तो सपाट वाटतो.

योगायोग बघा. बाळशास्त्रींची 'भूगोलविद्या' आली त्याच सुमारास, भोपाळजवळच्या सीहोरला, सुबाजी बापू नावाच्या मराठी शास्त्र्यांनी 'सिद्धांतशिरोमणीप्रकाश' हे पुस्तक मराठीत लिहिलं. त्यांना प्रोत्साहन होतं लान्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याचं. पुराणांचं म्हणणं, सिद्धांतांचं म्हणणं आणि कोपर्निकसचं म्हणणं शेजारी शेजारी ठेवून त्यात तुलना केली होती.

म्हणजे १८३० च्या दशकात मराठी विद्वानांपुढचा प्रश्न परकं ज्ञान घ्यायचं की नाही, एवढाच नव्हता. मुलाला त्याच्या घरापासून न तोडता खरं कसं सांगायचं, हा त्याहून अवघड प्रश्न होता. बाळशास्त्री स्वतः पुराणिकाच्या घरातले. संस्कृत त्यांना घरात मिळालं आणि गणित शाळेत. दोन्ही भाषा बोलणारा असा माणूसच हे काम करू शकत होता.

एक पुस्तक पुरेना, म्हणून मासिक काढलं

१८४० मध्ये 'दर्पण' बंद झालं. त्याच वर्षी बाळशास्त्रींनी 'दिग्दर्शन' सुरू केलं. मराठीतलं हे पहिलं मासिक.

नावातच सगळं आलं. 'दर्पण' म्हणजे आरसा, त्यात आपण स्वतःला बघतो. 'दिग्दर्शन' म्हणजे दिशा दाखवणं, त्यात आपण बाहेर बघतो. भूगोल, इतिहास, रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान, प्राणिशास्त्र असे विषय या मासिकात यायचे. आणि सोबत नकाशे आणि आकृत्या असायच्या.

हा नकाशांचा मुद्दा छोटा वाटेल, पण नाही. शब्दांनी भूगोल सांगता येतो, पण तो डोक्यात राहतो चित्राने. त्या काळी शिळाछापावर नकाशा काढणं हे खर्चाचं आणि कटकटीचं काम होतं. तरी तो मराठी मासिकात छापून वाचकाच्या हातात देणं, म्हणजे सरकारी दप्तरातली एक गोष्ट घराघरात आणणं होतं. 'दिग्दर्शन' सुमारे पाच वर्षं चाललं.

खरी अडचण गुरुजींची होती

पुस्तक झालं, मासिक झालं. पण वर्गात कोण शिकवणार?

ही अडचण बाळशास्त्रींना घरबसल्या कळली नाही. मुंबई इलाख्यातल्या सरकारी प्राथमिक शाळा तपासण्याचं काम त्यांच्याकडे आलं. तेव्हा रेल्वे नव्हती, ती आली १८५३ मध्ये. गलबतातून, घोड्यावरून, कधी पायी असा तो काळातला प्रवास. शाळा तपासणाऱ्याला सगळ्यात आधी दिसतं ते हे, की पुस्तक शाळेत पोचलंय पण गुरुजींना ते उमगलेलं नाही. जो स्वतः पंतोजींकडे पावकी-निमकी शिकला, त्याच्या हातात अक्षांश-रेखांशाचं पुस्तक दिलं तर तो काय करणार? पोरांकडून पाठ करून घेणार.

आणि भूगोल पाठ करून घेतला की तो मेला. मग मेरू पर्वताच्या जागी हिमालय येतो आणि सात समुद्रांच्या जागी सात खंड, एवढाच काय तो फरक. पोरगं दोन्ही तितक्याच श्रद्धेने आणि तितक्याच न समजता म्हणून दाखवतं.

म्हणून शिक्षक घडवायचं काम निघालं. १८४५ मध्ये मुंबईत नॉर्मल क्लास, म्हणजे अध्यापक घडवणारा वर्ग सुरू झाला आणि त्याची सूत्रं बाळशास्त्रींकडे आली. इथे तयार झालेल्या तरुणांनी परत जिल्ह्यांत जाऊन मराठी शाळांत शिकवायचं, अशी ही योजना.

बाळशास्त्रींच्या आयुष्याची सगळी पावलं इथे एका ओळीत येतात. बातमी कळायला जग माहीत हवं, म्हणून भूगोल लिहिला. भूगोल कळायला चित्र हवं, म्हणून नकाशे छापले. आणि हे सगळं पोरापर्यंत पोचायला शिकवणारा हवा, म्हणून शेवटी शिक्षकच घडवायला घेतले. कॉलेजातला प्रोफेसर पायरी पायरीने खाली उतरत प्राथमिक शाळेच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला.

याची किंमतही मोजावी लागली

१८४३ मध्ये श्रीपती शेषाद्री प्रकरण घडलं. नारायण आणि श्रीपती हे दोन भाऊ मिशनऱ्यांकडे राहायला गेले. नारायणने धर्मांतर केलं. लहानग्या श्रीपतीला कोर्टाने वडिलांच्या ताब्यात दिलं. पण तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला-जेवला, म्हणून त्याला जातीत परत घ्यायला सनातनी मंडळी तयार होईनात.

बाळशास्त्री या मुलाच्या बाजूने उभे राहिले. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं असा त्यांनी आग्रह धरला. त्यावरून मुंबईत मोठा गदारोळ झाला. बाळशास्त्रींनाही आपल्याच लोकांचा रोष आणि बहिष्कार सोसावा लागला.

एका मुलासाठी एवढं का करावं? पण नव्या शिक्षणावर लोकांचा विश्वास बसायचा तर शिकायला गेलेलं पोरगं घराला कायमचं मुकणार नाही, हा भरवसा द्यावाच लागणार होता. बाळशास्त्रींनी तो स्वतःची पत पणाला लावून दिला.

याच धावपळीत १८४५ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापून काढली. जुने ताम्रपट, शिलालेख वाचून त्यांवर शोधनिबंध लिहिले. १८४० मध्ये सरकारने त्यांना जस्टिस ऑफ द पीसही केलं होतं.

आणि मे १८४६ मध्ये तापाचं निमित्त झालं. त्यातच मुंबईत त्यांचं निधन झालं. अध्यापक वर्ग सुरू होऊन पुरती दोन वर्षंही झाली नव्हती.

त्या वर्गाबाहेर कोण राहिलं?

बाळशास्त्रींचं काम मोठं होतं, पण त्याच्या कक्षेबाहेर कोण राहिलं हेही सांगायला हवं. तेव्हाच्या सरकारी मराठी शाळांत येणारी मुलं बहुतेक वरच्या जातींची होती. मुली जवळपास नव्हत्याच. शेतकऱ्याच्या, महार-मांगांच्या मुलांना त्या वर्गात जागा नव्हती.

बाळशास्त्री गेल्यानंतर दोनच वर्षांनी, १८४८ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळांत वाचन, व्याकरण, गणिताबरोबर भूगोलही शिकवला जायचा. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी प्राथमिक शिक्षणात मोडी-बाळबोध आणि हिशेबासोबत इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची माहिती आणि आरोग्य हे विषय असावेत अशी मागणी केली. जी विद्या बाळशास्त्रींनी मराठीत आणली, ती सगळ्यांच्या पोरांना मिळाली पाहिजे, हा त्याचा अर्थ.

बाळशास्त्रींच्या मागे इलाख्यात दुसराही वाद पेटला. शिक्षण इंग्रजीत द्यायचं की देशी भाषेत? शिक्षण मंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने, तर जगन्नाथ शंकरशेट आणि कर्नल जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूने. मराठीतून शास्त्र शिकवता येतं का, या प्रश्नाला बाळशास्त्रींची पुस्तकं हे तयार उत्तर होतं.

आणि शिरड शहापूर? ते तर या सगळ्या हद्दीच्याच बाहेर. मुंबई इलाख्याचा कारभार निजामाच्या राज्यात चालत नव्हता. तिथे दरबाराची भाषा फारसी होती, १८८४ मध्ये तिची जागा उर्दूने घेतली. वरच्या वर्गात शिकायचं तर मराठवाड्यातल्या पोराला उर्दूची वाट धरावी लागे. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. तेव्हा कुठे शिरड शहापूरच्या पोराला स्वतःच्या जिल्ह्याचा नकाशा मिळायची सोय झाली.

१८३६ पासून मोजलं तर दीडशेहून जास्त वर्षं लागली.

आज त्या पोराच्या खिशात नाही, तरी घरातल्या कुणाच्या तरी मोबाईलमध्ये सगळ्या जगाचा नकाशा आहे. बोटाने ओढला की मुंबई, अजून ओढला की लंडन. पण निळा ठिपका आपण कुठे आहोत एवढंच सांगतो. ते कसं कळलं हे सांगत नाही. त्यासाठी रात्री पोरांना शेतात नेऊन, दोन मुठी एकावर एक ठेवून ध्रुवतारा दाखवणारे गुरुजी किंवा बाई लागतात.

बाळशास्त्रींनी शेवटी जे काम हातात घेतलं होतं, ते अशाच शिक्षकांना घडवायचं होतं. येत्या ६ जानेवारीला शुभेच्छा पत्रकारांना द्याच. एक मेसेज ज्यांनी तुम्हाला पहिल्यांदा नकाशा वाचायला शिकवला, त्या तिसरी-चौथीच्या गुरुजींना किंवा बाईंनाही पाठवा. त्या दिवसावर त्यांचाही तितकाच हक्क आहे.